आधी खोलून तर बघू

बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणारी माणसं वेगळी आणि खोलणारी माणसं वेगळी. दुरुस्त करणाऱ्याला वस्तू चालू झाली की बरं वाटतं. खोलणाऱ्याचा आनंद त्याच्या बराच आधी उरकलेला असतो. शेवटचा नट सुटतो, झाकण हातात येतं, आतली दातेरी चाकं उन्हात चमकतात, संपलं. पुढचं सगळं त्याच्या लेखी आवराआवर, आणि आवराआवर हे काही आपलं काम नव्हे अशी त्याची पक्की समजूत असते.

आमच्या ईटचे आप्पा या दुसऱ्या वाणाचे. ईट भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या माळावरचं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, गाड्यांच्या पाटीवरचं एमएच २५ तेच राहिलं आणि मोठ्या गाड्यांचं सर्व्हिस सेंटर आधी जेवढं लांब होतं तेवढंच लांब राहिलं. सर्व्हिस सेंटर लांब असलेल्या प्रत्येक गावात एक आप्पा असतो. तुमच्याही गावात असेल. तिथं त्याला तात्या म्हणत असतील नाहीतर नाना. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, बोटांच्या पेरांत साबणाला दाद न देणारं काळं, आणि तोंडात एकच वाक्य : "आधी खोलून तर बघू."

आप्पांच्या घरात सहसा कोणत्याही वस्तूला पाठ नसते. रेडिओ उघडा, मिक्सर उघडा, भिंतीवरच्या घड्याळाची मशीन तेवढी खिळ्याला टांगलेली. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं झाकण तर काकूंनी कधीचंच चुलीजवळ राखेला लावलं. उरलेल्या नटबोल्टांसाठी वनस्पती तुपाचा एक जुना डबा आहे. तो भरत आला की आप्पांना अभिमान वाटतो. "कंपनी चार जास्तीचे घालतीच," हा त्यांचा सिद्धांत. लोकांना तो पटत नाही, पण विरोध करायला कुणाला आधार सापडत नाही, कारण मिक्सर खरोखरच चालतो. फक्त फडक्यानं दाबून धरावा लागतो.

ही विद्या आली कुठून, तर बहात्तरच्या दुष्काळातून. विहिरी तळाला गेलेल्या, इंजिन दर दोन दिवसांनी रुसलेलं, आणि दहा वर्षांचे आप्पा मिस्त्रीच्या हाताखाली रॉकेलनं पार्ट धुवायला. त्या दिवसांत इंजिन खोलणाऱ्याला गावात डॉक्टरपेक्षा जास्त मान होता. तो मान पोरानं बघितला आणि जन्माचा रस्ता ठरला. तेव्हापासून आप्पांचं दैवत एकच, लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावातलं सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर उभी केलेली किर्लोस्करवाडी, हे सगळं आप्पा तुम्हाला न विचारता सांगतात आणि शेवटी विचारतात, "लक्ष्मणराव गेलते का कुठं सर्व्हिस सेंटरला?" लक्ष्मणराव खोललेली वस्तू परत जोडतही असत, हा तपशील त्यांच्या कथनात येत नाही.

अशा माणसाच्या दारात ऑटोमॅटिक गाडी येऊन उभी राहणं ही दैवाचीच खोडी म्हणायची. भाचा हिंजवडीला नोकरीला. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी, चांगली मोठी, मागच्या चाकांवर चालणारी, मामाला नाममात्र किमतीत दिली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नव्हता.

गाडीला क्लच नाही हे कळल्यावर गावात पहिली प्रतिक्रिया डाव्या पायाबद्दल होती. "मग त्या पायानं करायचं काय?" आप्पांचा डावा पाय चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर तयार झालेला. तो रिकामा बसायला तयार नव्हता. गाडी जरा हळू करायची म्हटलं की तो सवयीनं क्लच समजून सगळा जोर देऊन दाबायचा, आणि तिथं होता ब्रेक. पहिल्या आठवड्यात गाडीत बसलेल्या प्रत्येकानं एकदा तरी काचेला कपाळ टेकलं. शेवटी काकूंनी पर्याय काढला. गाडीत बसताना आप्पांनी डावी चप्पल काढून मांडी घालायची. तसं ते अजूनही करतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस पूजेला बसलाय.

मग एक दिवस रिव्हर्स लागेना. दांडा आर वर जायचा, गाडी जागची हलायची नाही. पी वरही गाडी नीट थांबत नसे, म्हणून चाकाखाली दगड लावायचा आणि एन वर सेल मारायचा. पुढं मात्र व्यवस्थित पळत होती.

इथंच सांगून टाकतो की गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं. आप्पांच्या गोष्टीत रहस्याला जागा नसते. त्यांच्या हातून खाली उतरलेल्या बहुतेक वस्तू वर असताना धडधाकटच होत्या.

भाच्यानं फोनवर सांगितलं, मामा, सेंटरला दाखवा. सेंटरवाल्यांनी न बघताच फोनवर जो अंदाज सांगितला त्यात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या. आप्पांना हेच हवं होतं. मंडळी म्हणाली, निदान बार्शीच्या मिस्त्रीकडं तरी टोचन करून न्या. यावर आप्पांनी गाडीचं पुस्तक काढलं आणि पान उघडून दाखवलं. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ऑटोमॅटिक गाडी लांब ओढायची नाही. आतला तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असलं आणि चाकं फिरत राहिली तर तेलावाचून आतलं सगळं जळतं. हे अगदी खरं आहे आणि ट्रॅक्टरला दोर बांधून अशा गाड्या ओढणाऱ्या पुष्कळांना ते माहीत नसतं. मंडळी गप्प झाली. मग कट्ट्यावरच्या गुरुजींनी विचारलं, "पण आप्पा, पुढं चालतीया ना? मग चालवतच न्या की बार्शीला."

आप्पा थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. "आणि बार्शीत मागं घ्यायची वेळ आली तर?"

ज्वारीची काढणी झाली होती, कडबा गंजीला लागला होता, गाव मोकळं होतं. माणसाच्या हातून मोठी कामं होतात ती अशाच दिवसांत.

आधी व्याख्यान झालं. आप्पांनी ओट्यावर दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एक चालू केला, दुसऱ्याची वायरसुद्धा लावली नव्हती. पहिल्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती हलली, मग फिरायला लागली. "हे बघा. दोघांचा एकमेकांना हात तरी लागलाय का? ह्याच्यात वारा, गाडीत तेल. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणायचं." फॉटिंगर नावाच्या एका जर्मन इंजिनिअरनं १९०५ मध्ये जहाजांसाठी ही युक्ती पेटंट केली, हेही त्यांनी सांगितलं. मोटारीत ती रुळायला आणखी काही दशकं गेली. एका पोरानं विचारलं, आमच्या सरांची छोटी ऑटोमॅटिक आहे, तिच्यात पण हेच का? आप्पांनी हात झटकला. "ती २०१४ नंतरची स्वस्तातली ऑटोमॅटिक. तिच्यात साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच असतोय. पाय तेवढा मशिनीचा." व्याख्यान इतकं चांगलं रंगलं होतं की वीज गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा प्रश्न गाडीखाली शिरायचं कसं. लिफ्ट नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणाऱ्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या. मार्ग दाखवला तो आप्पांच्या आईनं. म्हातारी नव्वदीला टेकलेली, सकाळपासूनचा गोंधळ ऐकून वैतागली आणि म्हणाली, "खड्ड्यात घाल मेल्या ती गाडी." आप्पांचा चेहरा उजळला. तासाभरात लिंबाखाली खणायला सुरुवात झाली. हातभर माती, खाली नुसता मुरूम. संध्याकाळी पुरुषभर खोल, दोन चाकांच्या मधे मावेल असा चर तयार झाला आणि गाडी त्यावर पुढून चढवून ठेवली. पुढूनच, कारण मागं ती जातच नव्हती.

खड्ड्यात उतरलेल्या आप्पांना बघणं हा गावाचा चार दिवसांचा कार्यक्रम झाला. खरं सांगायचं तर त्यांचा हात तयार आहे. मागं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवण्याआधी त्यांनी त्याच्या दोन्ही तोंडांवर सुनेच्या नेलपॉलिशच्या खुणा केल्या, म्हणजे बसवताना तो होता त्याच अंगानं बसावा. नाहीतर गाडी वेगात थरथरते. सुटलेला प्रत्येक बोल्ट एका पुठ्ठ्यावर, जिथला तिथं, भोक पाडून खोचला. गिअरबॉक्स इंजिनाला जिथं जोडतात तिथले वरचे दोन बोल्ट डोळ्यांना दिसत नाहीत. तिथं १७ ची गोटी एकाला एक जोडलेल्या दांड्यांच्या टोकाला लावून, दांडा गिअरबॉक्सच्या पाठीवरून पार इंजिनापर्यंत न्यायचा आणि डोळे मिटून, बोटाच्या अंदाजानं बोल्टचं डोकं शोधायचं. आप्पांनी डोळे मिटले. कट्टा चिडीचूप. वरून काकू म्हणाल्या, "आवं, झोपलात का?" आणि गोटी बोल्टवरून घसरली.

मग तेल. ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं. गळती झाली तर ती इंजिनाच्या तेलाहून वेगळी ओळखू यावी म्हणून त्याला रंगच तसा देतात. आप्पांना ते ठाऊक होतं, गावाला नव्हतं. तेल धरायला शेजारच्या खव्याच्या भट्टीवरून जुनी कढई मागून आणली होती. आमचा तालुका खव्याचा, कढयांना तोटा नाही. पण थंड करायला तेल पुढं नेणाऱ्या दोन नळ्या असतात, त्या सोडताना कढई होती एका बाजूला आणि धार निघाली दुसऱ्या बाजूला. आप्पांच्या बनियनवरून, हातांवरून लाल ओघळ आले. नेमके त्याच वेळी सोयरिकीचे पाहुणे दारात. खड्ड्यातून लालभडक हात वर आले, तशी पाहुण्यांतली एक बाई मटकन खालीच बसली. दुसरे धीराचे होते. त्यांनी काकूंना आदबीनं विचारलं, "बकरं कापलंय का? एवढं कशाला करायचं आमच्यासाठी?" त्यांना संध्याकाळी पिठल्यावर काढून दिलं, याचा सल काकूंना आहे.

सगळे बोल्ट सुटले, आडवा बीम काढला, तरी गिअरबॉक्स इंजिनाला सोडेना. आतल्या तेलासकट आणि कन्व्हर्टरसकट हे धूड पाऊण क्विंटलाच्या वर भरतं, त्यामुळं ते सुटलं तरी पंचाईत आणि न सुटलं तरी पंचाईत. आप्पांनी सोय आधीच केली होती. गाडीतल्या गिअरच्या दांड्याखालचा पत्रा उघडून, त्या भोकातून विहिरीचा जुना नाडा खाली सोडलेला, गिअरबॉक्सला बांधलेला; वर दोन्ही दारांतून आरपार बाभळीचा वासा घालून दोर त्याला अडकवलेला, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन गडी. ही युक्ती त्यांच्या डोक्यातली, पण घरी काम करणारे लोक जगभर हेच करतात, फक्त त्यांच्याकडं बाभळीचा वासा नसतो. गडी ओढायला लागले. पहार लावली. गाडी हलली, वासा करकरला, गिअरबॉक्स जागचा ढिम्म.

आप्पांनी इतिहासाला हात घातला. "इथून जवळ खर्डा आहे. १७९५ ला निजामाला तिथं नमवला आपल्या लोकांनी. तोफा बैलांनी ओढल्या. आणि तुम्हाला एक गिअरबॉक्स निघंना?" गड्यांना स्फुरण चढलं, त्यांनी पुन्हा पहारीवर वजन टाकलं आणि आता काहीतरी मोडणार असा आवाज आला.

"आजोबा," नातू म्हणाला. आठवीतला पोरगा, मोबाइलवर काहीतरी बघत बसलेला. "कन्व्हर्टरचे बोल्ट काढले का?"

सगळे थांबले. गिअरबॉक्सच्या खोळीचे बोल्ट बाहेरून दिसतात. पण आतला कन्व्हर्टर इंजिनाच्या तव्याला वेगळ्या बोल्टांनी जोडलेला असतो. खालच्या एका लहान झरोक्यातून एका वेळी एकच बोल्ट दिसतो. पुढं जाऊन इंजिन पान्यानं फिरवायचं, पुढचा बोल्ट झरोक्यात आणायचा, तो काढायचा, पुन्हा फिरवायचं. हे विसरून जो पहार लावतो तो आतला पंप फोडतो.

"काढायचे राहिले नाहीत," आप्पा खड्ड्यातून म्हणाले. "ठेवले होते. तुझी परीक्षा बघत होतो."

पोरगं पास झालं. बोल्ट निघाले, आणि पहार लावायची गरजच न पडता गिअरबॉक्स आपोआप मागं सरकून दोरावर लोंबकळला. एवढ्यात एका बाजूच्या गड्याला शिंक आली. दोर हातभर सुटला, ते धूड खड्ड्याच्या तळाशी असलेल्या जुन्या टायरांवर आदळलं आणि गाडीचे पत्रे असे वाजले की वेशीपर्यंत लोक म्हणाले, तेरखेड्याच्या फटाक्याला कुणीतरी आत्ताच वात लावली. आप्पा कोपऱ्यात अंग चोरून उभे होते म्हणून वाचले. वर आले ते हसतच. "उतरला का नाही?"

उतरला होता. आता तो पुरुषभर खड्ड्यात होता आणि त्याला वर कसा घ्यायचा याचा विचार कुणीच केलेला नव्हता. गाडी ढकलून बाजूला केली. पलीकडच्या शिवारात विहिरीचं काम चालू होतं, तिथली यारी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं आणली. मुरूम उपसणाऱ्या त्या यारीनं गिअरबॉक्स वर काढला तेव्हा नारळ फुटला. यारीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. "असलं काम रोज कुठं मिळतंय," म्हणाला.

बार्शीचा मिस्त्री एका लग्नाला गावात आला होता, त्याला घरी बोलावलं. त्यानं ओट्यावर पुसून ठेवलेला गिअरबॉक्स बघितला, लिंबाखालचा खड्डा बघितला, चहा घेतला. मग एकच विचारलं, "रिव्हर्स टाकल्यावर मागची पांढरी लाईट लागत होती का?"

नव्हती लागत. आप्पांनी बल्बही खोलून बघितला होता.

मिस्त्री गाडीत वाकला, गिअरचा दांडा हलवला आणि त्याच्या बुडाशी असलेली केबल चिमटीत धरून दाखवली. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा एक बुश असतो, सुपारीपेक्षा लहान. तो झिजला होता. वर दांडा आर वर जायचा, खाली केबल तेवढी सरकतच नव्हती, त्यामुळं रिव्हर्स मागितलाय हे गिअरबॉक्सला कधी कळलंच नाही. लाईटचा स्विचही त्याच्याच अंगावर, म्हणून लाईटही लागली नाही. बुश बदलायला दोन माणसं लागत नाहीत. खड्डा तर लागतच नाही.

कुणी काही बोललं नाही. काकू आत गेल्या आणि भांडी जरा जोरात घासायला लागल्या. आप्पा मात्र बुश उन्हात धरून, फिरवून-फिरवून बघत होते. "पण मिस्त्री," ते म्हणाले, "हे कळलं ते खोलल्यामुळंच ना?"

मला या माणसाचा राग येत नाही. एक तर आज ईटच्या पोराटोरांना कन्व्हर्टर कसा चालतो ते ठाऊक आहे. जिल्ह्याच्या गावातल्या किती गाडीमालकांना ते सांगता येईल, शंका आहे. दुसरं म्हणजे इंजिनाचा मिस्त्री महिनाभर येणार नाही अशा दिवसांत या माळावरची पिकं आप्पांसारख्यांच्याच काळ्या बोटांनी वाचवली. तेव्हा खोलणं ही गरज होती. नंतर गरज संपली, खाज उरली.

गिअरबॉक्स मिस्त्रीनंच बसवला. त्यानं आधी कन्व्हर्टर शाफ्टवर ठेवून सावकाश फिरवला. तो तीन टप्प्यांत आत बसतो, आणि शेवटचा टप्पा बसला नसेल तर खोळीचे बोल्ट आवळताना पंप फुटतो. मिस्त्री कान लावून ऐकत होता. तेव्हा आप्पा कुठं होते? शेजारी. भट्टीवाल्याची कढई परत द्यायला गेले, तर तिथल्या खवा घोटायच्या मोटारीचा आवाज जरा वेगळा येतोय असं त्यांना वाटलं.

गाडी आता मागंही जाते. खड्डा काकूंनी बुजवू दिला नाही. त्यात खत टाकतात. भट्टीची मोटार अजून ओट्यावर आहे. भूमकडं येणं झालं तर आमच्याकडचा खवा जरूर न्या, कुंथलगिरीचा पेढाही न्या. फक्त ईटमधून जाताना तुमच्या गाडीत काही खुडखुड वाजत असेल तर काचा वर करा आणि लिंबाखाली उभ्या माणसानं हात केला तरी थांबू नका.